गुणगुणणाऱ्या भिंतीची तक्रार

चूक झाली ती एका वीतभर पिवळ्या कागदामुळे. त्या कागदापायी एका सभ्य माणसाच्या स्वयंपाकघराची भिंत फुटली, चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांच्या संध्याकाळी कामी आल्या, आणि पाणीपुरवठा कचेरीच्या साहेबांवर परक्या स्वयंपाकघरात फाईल उराशी धरून उभं राहायची वेळ आली. कागदाचा दोष म्हणाल तर एवढाच, की तो कोरा होता आणि हाताशी होता.

त्या सभ्य माणसाला कचेरीत सगळे गुणगुणे म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी उतरवून घेताना ते अखंड काहीतरी गुणगुणत, म्हणून कुणीतरी ते नाव चिकटवलं, आणि ते इतकं पक्कं बसलं की एका वर्षी सेवाज्येष्ठतेच्या छापील यादीतही तेच आलं. गुणगुण्यांनी दुरुस्तीसाठी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं की मूळ नावाचा पुरावा जोडावा. पुरावा जोडून जे नाव परत मिळायचं त्या नावाने आता हाक कोण मारणार, असा विचार करून त्यांनी अर्ज मागे घेतला.

गुणगुण्यांचे स्नायू लहानपणापासून एकेक करून रजेवर जात होते. आधी पाय गेले, ते परत रुजू झालेच नाहीत. मग हात गेले. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी अजून कामावर होती, आणि त्या दोन बोटांत पेन धरून ते लिहीत. व्हीलचेअरचं त्यांना काही विशेष वाटत नसे. वाटायचं ते तिच्यामागे उभ्या राहणाऱ्या परोपकारी मंडळींचं. कुठे जायचंय हे न विचारताच ही मंडळी खुर्ची ढकलायला लागत. एकदा अशाच एका भल्या गृहस्थाने त्यांना दुसऱ्याच खात्याच्या बैठकीत नेऊन सोडलं. गुणगुणे भिडेपोटी अर्धा तास बसून आले, आणि नंतर कळलं की इतिवृत्तात एका ठरावाला त्यांचं अनुमोदनही नोंदलं गेलंय.

पण तेही त्यांनी पोटात घातलं असतं. पोटात जात नसे ती दुसरीच गोष्ट. त्यांचा श्वास तोकडा होता, बोलताना मधे थांबावं लागे, आणि थांबले रे थांबले की समोरचा माणूस त्यांचं वाक्य पुरं करून टाकी. "मला जरा..." एवढं म्हटलं की कुणी पाणी आणी, कुणी पंखा लावी, कुणी डॉक्टरांना फोन करायला धावे. त्यांना जरा वर्तमानपत्र हवं असे. सगळ्यांत पुढे होते खालच्या मजल्यावरचे काका. काकांची सगळी नोकरी लघुलेखक म्हणून गेली होती, आणि त्यांचे साहेब मजकूर सांगता सांगता पेंगत असत, त्यामुळे अर्ध्या वाक्यावरून उरलेलं पत्र तयार करण्याचा काकांना दांडगा सराव होता. निवृत्तीनंतर ही सगळी विद्या त्यांनी गुणगुण्यांवर खर्च करायची असं ठरवलेलं दिसत होतं.

आता गाण्यांविषयी. गुणगुणे गाणी करत, आणि ती तक्रारीच्या नमुन्यावर करत. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यांचा हात त्यावरच बसला होता. पिवळ्या कागदावर चौकटी असत: ठिकाण, तक्रारीचं स्वरूप, कधीपासून, तातडी, अपेक्षित कार्यवाही. दिवसभर त्या चौकटी भरून भरून त्यांना असं वाटायला लागलं होतं की माणसाचं सगळं म्हणणं शेवटी या पाच चौकटींत बसतं. फोनवर एखादी बाई सांगायची की नळाला दोन दिवस नुसती हवा येतेय. गुणगुणे अगदी मनापासून विचारायचे, "कोणत्या सुरात येते?" बाई क्षणभर थांबायची आणि, नवल म्हणजे, आठवून सांगायची.

दुपारी फोन थंडावले, खिडकीतून ऊन फाइलींवर सरकत आलं, की ते डोळे अर्धवट मिटून बसत. डोक्यात सगळा वाद्यवृंद तयार असे. कुणी फुंकतंय, कुणी ठेका धरतंय, लांब पडद्यामागे काहीतरी धीमं वाजतंय, आणि मधोमध ते स्वतः गातायत, सलग, न थांबता. असं किती वर्षं चाललं होतं. बाहेर मात्र त्यातला एक सूर कधी कुणी ऐकला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

आणि घाई होती. दर सहा महिन्यांनी डॉक्टर त्यांना एका नळीत फुंकायला लावत आणि आकड्याकडे बघून "छान, छान" म्हणत. डॉक्टरांच्या आवाजातलं ते दुसरं "छान" दर वेळी थोडं हळू होत होतं. गुणगुण्यांचं माप वेगळं होतं. तरुणपणी एका श्वासात त्यांचे नऊ शब्द निघत. मग सात झाले. आता पाच निघत, पाचवा जरा ओढूनताणून. त्यांच्या गाण्यांच्या ओळीही तशाच आखूड होत आल्या होत्या. समीक्षकांनी याला शैली म्हटलं असतं, पण समीक्षकांपर्यंत काही पोचतच नव्हतं. चार शब्द उरायच्या आत एक गाणं डोक्याबाहेर पडावं, वाद्यांसकट, पुरं, आणि ते आपल्याच तोंडून, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगायला सुरुवात केली असती तर कुणीतरी ते वाक्य पुरं केलं असतं.

तर अशाच एका दुपारी त्यांनी पिवळ्या कागदावर लिहिलं:

ठिकाण: स्वयंपाकघराची भिंत.
स्वरूप: आतून कुणी गुणगुणतंय.
कधीपासून: मला आठवतंय तेव्हापासून.
तातडी: होय.

शेवटची चौकट त्यांनी रिकामी ठेवली. तिथली ओळ डोक्यात तयार होती. पण ती सात शब्दांची होती, एकही शब्द कमी होत नव्हता, आणि लिहिली की आपण ती कापू अशी त्यांना भीती वाटली. वर मात्र कचेरीत आता कुणालाच आठवत नसलेलं आपलं मूळ नाव आणि पत्ता सवयीने घातला. तेवढ्यात फोन वाजला, बोटांतून कागद सुटला आणि 'निकडीचे' असं लिहिलेल्या ट्रेमध्ये पडला. तिथून तो शिपायाने उचलला, त्यावर शिक्का बसला, क्रमांक पडला, आणि सरकारी यंत्रणा, जी एरवी फुटलेल्या जलवाहिनीसाठीही आळोखेपिळोखे देत उठते, ती गुणगुण्यांच्या कवितेसाठी तिसऱ्या दिवशी दारात हजर झाली.

दार ताईने उघडलं. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघं एकत्र राहत. ती घरी शिवणकाम करी, आणि तिच्या पायमशीनवर कायम कुणाचं तरी काहीतरी अर्धं शिवलेलं असे. दारात हत्यारांची पिशवी घेतलेले नळवाले मिस्त्री होते.

"भिंत कुठली?" मिस्त्रींनी विचारलं.

"कसली भिंत?"

"गुणगुणणारी. तातडीची तक्रार आहे." त्यांनी पिवळा कागद दाखवला.

गुणगुणे कचेरीतून नुकतेच परतले होते. कागद पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सरकारी नमुन्याचा गैरवापर, खोटी तक्रार, आणि तीही तक्रार नोंदवणाऱ्यानेच केलेली! चौकशीचे कागद त्यांना डोळ्यांसमोर दिसायला लागले. तरी सरळ माणूस होता. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी श्वास घेतला.

"मिस्त्री, ती तक्रार म्हणजे खरं..."

"समजलं साहेब, फार त्रास होतोय," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी छिन्नीवर पहिला घाव घातला.

पुढच्या वाक्यापुरता श्वास गोळा होईपर्यंत दोन फरश्या आणि चार विटा खाली आल्या होत्या. ताई हातात कात्री घेऊन नुसती बघत राहिली. भिंतीत डोकं मावेल एवढं भोक पडलं. आत नळांची उभी पोकळी होती, खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत गेलेली, काळोखी आणि गार. मिस्त्रींनी आत कान घातला.

"आवाज तर काही नाही. कसा होता? करून दाखवा बघू."

गुणगुण्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने मुकाट्याने खुर्ची भोकाशी नेली. मग त्यांनी भोकात तोंड घालून गाण्याची पहिली ओळ हलकेच गुणगुणली.

त्यांचा आवाज केवढासा. टेलिफोनवरही लोक "जरा मोठ्याने बोला" म्हणत. पण तो त्या पोकळीत शिरला, वर गेला, खाली गेला, कुठेतरी वळला, आणि भरदार होऊन परत आला. जणू आत कुणीतरी वर्षानुवर्षं वाट पाहत बसलं होतं आणि त्याने ओ दिली. गुणगुण्यांच्या अंगावर काटा आला. आपला आवाज असा आहे हे त्यांना या वयात कळलं. संध्याकाळचं पिवळं ऊन ओट्यावर पडलं होतं आणि फुटक्या विटांची धूळ त्यात तरंगत होती.

मिस्त्री हळूच खाली बसले. पिशवीतून त्यांनी पाना काढला, पक्कड काढली, आणि सगळ्यांत तळातून फडक्यात गुंडाळलेली क्लॅरिनेट काढली.

"घरी वाजवू देत नाहीत," ते जरा ओशाळून म्हणाले. "मी रिकाम्या टाक्यांत बसून वाजवतो. पण अशी जागा नाही पाहिली. साहेब, पुन्हा एकदा म्हणता?"

अशी बँडची स्थापना झाली.

दुसऱ्या दिवशी वरच्या काकू खाली आल्या. त्या बालवाडीच्या निवृत्त बाई होत्या. त्यांच्या ओट्यामागून आदल्या दिवशी संगीत आलं होतं, आणि आधी त्यांना वाटलं होतं की आपलं काही खरं नाही. भोक पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या तशाच वर गेल्या आणि ॲकॉर्डियन घेऊन आल्या. काकू वाजवत उत्तम, पण प्रत्येक गाणं असं वाजवत की मुलांनो, चला, हात धरून गोल करा. गुणगुण्यांचं सर्वांत उदास कडवं त्यांच्या हाती पडलं तेव्हा मिस्त्री नकळत उठून उभे राहिले आणि शेजारी कुणाचा तरी हात शोधायला लागले.

ठेक्याचा प्रश्न होता. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "मला वेळ नाही. शिवणाचा ढीग पडलाय. मी मशीन इथे आणून बसते, तुम्ही तुमचं वाजवा." तिने मशीन स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलं आणि चालवायला घेतलं. झाला ठेका. पण या ठेक्याला एक अट होती, ती म्हणजे कापड. जाड पडदे शिवायला असले की मशीन सावकाश चाले आणि त्या दिवशी सगळी गाणी संथ होत. अस्तराचं झुळझुळीत कापड आलं की मिस्त्रींची दमछाक होई. मधेच दोरा तुटला की कडवं तिथेच संपे. "उद्या काय आहे?" असं मिस्त्री जाताना विचारत. ताई ढिगाकडे बघून सांगे, "उद्या शाळेचे गणवेश. मध्यम लय." शाळा उघडायच्या दिवसांत सलग तीन आठवडे बँड मध्यम लयीत होता. कुठल्याही वादकाला नसेल इतकी शिस्त त्यामुळे आली.

हे सगळं चालू असताना खालून भिंतीतल्या नळावर आमटीच्या डावाचे ठोके पडत. ते काका होते, आणि तो निषेध होता. पहिले चार दिवस निषेध बेताल होता. पाचव्या दिवशी मिस्त्रींनी क्लॅरिनेट खाली ठेवून कान दिला आणि म्हणाले, "साहेब, ते समेवर येतायत." काकांना हे कळवल्यावर ते तणतणत वर आले, भोकाकडे बघून कपाळाला हात लावला आणि त्या क्षणापासून बँडचे सल्लागार झाले.

"बँड म्हटलं की गणवेश हवा," काका म्हणाले. "ताईकडे आयते शिवलेले आहेतच."

"ते आठवीतल्या मुलांचे आहेत," ताई म्हणाली.

"मग नाव हवं. नावाशिवाय बँड म्हणजे जावक क्रमांकाशिवाय पत्र. आणि गायला एखादा तरणाबांड गडी आणा. तू लिही, तो गाईल. तुला उगाच..." काकांनी आपलं वाक्य स्वतःच पुरं केलं. "उगाच दम लागतो."

गुणगुण्यांचा चेहरा उतरला. हे काका एकटेच म्हणत नव्हते. काकूही हळूच म्हणून गेल्या होत्या की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांत एकाचा गळा फार गोड आहे. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, म्हणून तर राग कुठे ठेवावा ते गुणगुण्यांना कळेना.

"काका, हे गाणं मी..."

"लिहिलंयस, माहितेय."

"...गाणार," गुणगुणे म्हणाले, पण तोवर काका जिना उतरत होते.

तालमीला ते सगळं गात, शेवटची ओळ सोडून. तिथपर्यंत येऊन थांबत. मिस्त्री विचारत, "पुढे काय आहे?" गुणगुणे म्हणत, "आहे. एकदाच म्हणणार." सात शब्द पाचांच्या श्वासात कसे बसवायचे याचा ते कचेरीत, लिफ्टमध्ये, अंथरुणात पडल्या पडल्या विचार करत. रोज मनात ओळ पुरी होई. मनात श्वासाची कमतरता नव्हतीच कधी.

इकडे इमारतीत व्हायचं तेच झालं. नळांची पोकळी सगळ्यांच्या स्वयंपाकघरांना लागून होती, आणि रोज पाच ते सात सगळ्यांचे ओटे गायला लागले. लोकांनी पाणीपुरवठा कचेरीला फोन केले. फोन उचलायला गुणगुणे.

"आमच्या भिंतीतून गाणं येतं हो!"

"तक्रारीचं स्वरूप?" गुणगुण्यांनी पेन दोन बोटांत धरलं.

"गाणं. म्हणजे तसं बरं आहे. पण ते पिपाणीसारखं मधे मधे फार घुसतं."

गुणगुण्यांनी प्रामाणिकपणे लिहून घेतलं. खरं तर नमुन्यात नसलेले प्रश्नही विचारले. दुसरं कडवं कसं वाटलं? शब्द ऐकू येतात का? संथ बरं की जलद? सात तक्रारी आल्या. त्यातल्या एका बाईंनी सांगितलं की गाणारा माणूस मधे थांबतो तेव्हा मीही भांडं घासायची थांबते, आणि सातवी तक्रार तर अशी होती की काल गाणं झालंच नाही, आमची आई जेवली नाही, जबाबदार कोण? त्या दिवशी दोरा तुटला होता. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेली ही परीक्षणं गुणगुण्यांनी पुन्हा पुन्हा वाचली आणि मग, कर्तव्य म्हणून, एकेक करून 'निकडीचे' या ट्रेमध्ये टाकली.

एकाच पत्त्याभोवती आठ तक्रारी! फाईल साहेबांकडे गेली. साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं. पाच आठवडे झाले, भिंत उघडी, काम काय चाललंय? मिस्त्री म्हणाले, शोध चालू आहे. मग भिंत बुजवून तक्रार बंद करा. मिस्त्री म्हणाले, तशी बंद करता येत नाही, मूळ तक्रारीत अपेक्षित कार्यवाहीची चौकट रिकामी आहे, तक्रारदाराला काय हवंय तेच माहीत नाही. साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. चौकट खरोखरच रिकामी होती. शेरा पडला: समक्ष पाहणी, शुक्रवारी सायंकाळी सहा, सोबत गवंडी.

गवंडी हा शब्द गुणगुण्यांनी दोनदा वाचला. भिंत बुजली की आवाज पुन्हा केवढासा होणार होता. शिवाय गेल्याच आठवड्यात ते डॉक्टरांकडे नळीत फुंकून आले होते, आणि या वेळी दुसरं "छान" आलंच नव्हतं.

"शुक्रवारी म्हणतो," ते ताईला म्हणाले. "पुरं."

ताई सुईत दोरा ओवत होती. ती म्हणाली, "म्हण की."

"नाही झालं तर?"

"तुझी ओळ आहे. झाली तर तुझी, नाही झाली तर तुझी." मग तिने दोरा दातांनी तोडला आणि सगळ्यांना बजावून आली. काय बजावलं ते तिने भावाला सांगितलं नाही.

शुक्रवारी साहेब आले तेव्हा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. ताई मशीनवर, काकू स्टुलावर, मिस्त्री पिशवीवर, काका हातात डाव घेऊन नळाजवळ, दारात घमेलं घेतलेला गवंडी. साहेबांना वाटलं आपण चुकीच्या घरात आलो. मग खुर्चीतले गुणगुणे दिसले.

"तुम्ही इथे?"

"मी इथे राहतो, साहेब."

"म्हणजे तक्रारदार..."

"मीच. आवाजही माझाच." गुणगुण्यांनी श्वास घेतला. "ते गाणं आहे, साहेब. चुकून ट्रेमध्ये पडलं."

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आठ तक्रारी, पाच आठवडे, एक भिंत! त्यांनी फाईल उघडली, मिटली. रागवायला तोंड उघडलं. पण फाइलीतल्या सातव्या तक्रारीवर त्यांची नजर गेली असावी, कारण ते वेगळंच बोलले.

"त्या रिकाम्या चौकटीत काय होतं?"

"शेवटची ओळ."

"मग सांगा. मला लिहावं लागेल."

"सांगता नाही यायची," गुणगुणे म्हणाले. "गावी लागेल."

ताईने चाकाला हात लावला. तिच्या मशीनवर साधं सुती कापड होतं, ना जाड ना पातळ. ते मुद्दाम निवडलं होतं हे गुणगुण्यांना कळलं. ठेका सुरू झाला. काकूंनी ॲकॉर्डियन उघडलं, आणि त्या दिवशी त्यांनी मुलांना गोल करायला लावलं नाही. क्लॅरिनेट कुठून आली ते कळलंच नाही. काकांचा डाव नळावर हलके पडत होता. आणि गुणगुणे भिंतीत तोंड घालून गायला लागले.

इतकी वर्षं डोक्यात ऐकलं तसंच होतं का ते? नव्हतं. डोक्यात दोरा अडकायचा नाही, डोक्यात ॲकॉर्डियनचा भाता कुरकुरायचा नाही. हे जास्त चांगलं होतं, कारण हे त्यांच्याशिवायही खोलीत होतं. वर कुठेतरी कुणीतरी नळ बंद केला. खाली भांड्यांचा आवाज थांबला. सगळी इमारत आपापल्या ओट्याशी उभी होती आणि तो केवढासा आवाज मजल्यामजल्यावरून हिंडत होता. गुणगुण्यांना वाटलं आपण खुर्चीत नाही, कुठेच नाही, नुसते चाललोय.

मग शेवटची ओळ आली. त्यांनी छाती भरेल तेवढी भरून घेतली.

"भिंत उघडा, मी आत एकटा..."

आणि श्वास संपला.

पाच शब्द. पोकळीतून 'एकटा' परत आला आणि विरला. गुणगुण्यांनी तोंड उघडलं, काही निघालं नाही. मशीन थांबलं. क्लॅरिनेट थांबली. आता कोणीतरी बोलणार, हे त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं दर वेळी कोणीतरी बोललं होतं. साहेबांचे ओठ हलले, तर गवंड्याने त्यांच्या बाहीला धरलं. काकांनी डाव दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरला होता, आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. कोणी बोललं नाही. कोणी पाणी आणलं नाही. सगळे नुसते थांबले होते, त्यांच्यासाठी, आणि कितीही वेळ लागला तरी थांबले असते.

गुणगुण्यांना रडू येत होतं, पण रडायला लागणारा श्वास त्यांनी गाण्यासाठी ठेवला. सावकाश, अगदी सावकाश, त्यांनी छाती भरली.

"...गातोय कधीचा."

पोकळीने ते उचललं आणि वरपर्यंत नेलं.

ताईने डोळे पुसले ते शिवायच्या कापडाला, हे गिऱ्हाइकाला अर्थातच कधी कळलं नाही. साहेबांनी फाइलीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि गवंड्याला हुकूम केला की भोक बुजवू नका, नळांच्या पाहणीसाठी नियमात उघडझाप करता येणारी झडप बसते, ती बसवा, जरा मोठीच बसवा. मग गुणगुण्यांकडे न बघता म्हणाले की तक्रारीचे कागद उद्यापासून मोजून मिळतील.

काकांनी तोंडावरचा डाव आत्ता कुठे काढला. त्यांना धाप लागली होती.

"झालं ना? बोलू?"

"बोला, काका."

"मी 'अडकलोय' म्हणणार होतो रे," काका म्हणाले. "तू 'एकटा'पाशी थांबलास, आणि माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी आत एकटा अडकलोय. म्हटलं असतं तर संपलंच होतं सगळं."

"माहितेय," गुणगुणे म्हणाले. त्यांनी श्वास घेतला, आणि काका गप्प उभे राहिले. "सगळ्यांना तेच वाटतं."